खरवड

रंगाआधी खरवडावं लागतं.
बिलात रंग धरतात, प्रायमर धरतात,
खरवडीचे पैसे कुणी धरत नाही.

विमानतळामागच्या गावठाणातलं देऊळ.
इथले जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात,
म्हणून पहिल्या दिवशी मी शिडी घेऊन
मारुतीपाशी उभा राहिलो अर्धा तास.

किल्ली रेमेदी बायच्या कनवटीला.
लाल लुगडं, कानात जड सोनं,
आणि भिंतीचं सगळं तोंडपाठ.

वरचा पापुद्रा क्रीम. बिशप यायचे होते,
रातोरात मारलेला. नखाने निघतो.
खाली पोपटी. "तो माझ्या लग्नाचा," बाय म्हणते.
त्याखाली निळीचा चुना, हातावर हात, हातावर हात.
प्लेगच्या साली दर मयतामागे एक हात देत,
असं तिची आजी सांगे.
"मोज पाहू किती."
मी नाही मोजले.
पत्रा जरा हलका धरला, एवढंच.

त्याही खाली फिरंग्यांच्या वेळचा गिलावा.
पाणी मारलं की गुळाचा वास येतो अजून,
आणि एका जागी चार बोटं उमटलेली,
कुणीतरी ओल्यात टेकून घाम पुसला असेल.
नाव त्याचं नाही. नावं खाली फरशीवर आहेत,
लॅटिनमध्ये, कवटीसकट,
त्यांच्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवतात.

मधे बरीच वर्षं छप्पर नव्हतं म्हणे.
राज्य बदललं, आत घोड्यांचं गवत भरलं,
घंटा कुणी उतरवून नेली
ती घाटावरच्या कुठल्याशा शंकरापुढे आहे.
"वाजते ना? मग झालं," बाय म्हणते.

परातीवरून मला सगळं दिसतं.
रविवारी सातला मराठी मिस्सा, अकरा माणसं.
आठला इंग्रजी, दारापर्यंत.
साडेनऊला तमिळ, चपला पार रिक्षास्टँडवर.
बुधवारी मेणबत्त्या घेऊन येणाऱ्या बायांत
निम्म्यांच्या कपाळाला कुंकू.
मागच्या खोलीत डोळे तपासतात,
निवडणुकीत तिथेच शाई लावतात.
गुरुवारी संध्याकाळी दारू सोडलेले
गोल करून बसतात, नुसतं पहिलं नाव सांगतात.
त्या वेळी मी पत्रा जोरात ओढतो,
ऐकू येऊ नये म्हणून.
तरी एक आवाज ओळखीचा निघाला:
नाक्यावरचा हार्डवेअरवाला.
सकाळी त्याच्याकडूनच पॉलिश पेपर घेतला.
"मोठं काम काढलंय," तो म्हणाला.
"भिंत जुनी आहे," मी म्हणालो.

वेदीमागे भेग आहे, छतापासून कमरेपर्यंत.
खालून मेट्रोचा बोगदा जायचा आहे.
त्यांच्या माणसांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात,
काच तडकली तर फोन करा म्हणून नंबर देऊन गेलेत.
बाय रोज आल्या आल्या आधी काच बघते,
मग देव.

काल दाराच्या डाव्या अंगाला,
गुडघ्याच्या उंचीवर, एक दगड उघडा पडला.
काळा. कडेला खोल चर, पाच-सहा,
शेजारी शेजारी, तुळतुळीत.
मी बायला हाक मारली.
ती वाकली, चष्मा पुसला,
अंगठा एका चरात घातला. बरोब्बर बसला.
"दोरीचे हायत रं," म्हणाली,
"विहिरीचा काठ हाय हा."

देवळाआधीची विहीर. कुणाची, कुणी सांगावं.
लग्नाला अजून बँड लावून पाणी आणायला निघतात इथे,
फक्त आता नळावर जातात.

ती बराच वेळ तशीच वाकून होती.
मग गुडघा धरत उठली, काच बघायला गेली.

आज पहिला हात मारला, पांढरा.
तो वीतभर दगड सोडून.
ठेकेदार विचारेलच.
सांगीन, तिथे रंग धरत नाही.